मेलताईंचं जाणं

आमच्या समोरच्या मेलताई गेल्या, ही बातमी मला खालच्या औषधवाल्यानं दिली. माझं खोकल्याचं औषध पिशवीत घालता घालता दिली, जणू सोबत फुकट मिळणारी गोळी.

"गेल्या हो बिचाऱ्या," तो म्हणाला. "शेवटपर्यंत कामात होत्या. काल स्वतःच मेल करून कळवलं."

"स्वतःच?"

"हो ना. केवढी शिस्त."

मेलेलं माणूस स्वतः कळवतं म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे औषधवाल्याला नाही तरी मला कळलं. शिवाय आमच्या घरी वेगळीच धांदल चालली होती. आमच्या हिलाही मेलताईंची मेल आली होती, पण तिच्यात त्या येणार असल्याचं लिहिलं होतं. त्यामुळे सोफ्यावर नवे अभ्रे चढले होते आणि मला खोकल्याच्या औषधाबरोबर बिस्किटं आणायचा हुकूम होता. म्हणजे खाली बाई गेलेल्या, आणि वर त्याच बाई येणार.

मी जिना चढून आमच्या दाराकडे न वळता समोरची बेल दाबली. दार मेलताईंनीच उघडलं. चष्मा कपाळावर, हातात फोन, फोनला लोंबणारी चार्जरची वायर, आणि चेहरा असा की तीन दिवस पाहुणे मुक्कामाला आहेत.

"तुम्ही गेलात असं ऐकलं," मी म्हटलं.

"सकाळपासून मीही तेच ऐकतेय," त्या म्हणाल्या. "पण नाही हो भाऊजी. मला जाऊ कोण देतंय?"

हसून म्हणाल्या, म्हणून मीही हसलो. पण या बाईंची सगळी हकिगत त्या एका वाक्यात आहे, आणि ती हसण्यासारखी फक्त बाहेरून आहे. मी बाहेरूनच पाहिलीय, तेव्हा मला हसायला मुभा आहे.

मेलताई हे नाव मी ठेवलेलं. इमारतीत ज्याला त्याला त्यांची मेल यायची म्हणून. औषधवाल्याचं म्हणणं, नावातच अर्धं मरण आहे, त्याची काय चूक? असो.

या बाई तरुणपणी बसस्टँडवर अनाउन्समेंट करायच्या. काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठे लागली ते सांगायचं. तिथे त्यांना एक गोष्ट उमगली, ती त्या अजून सांगतात. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" असं म्हटलं की प्रवासी केस विंचरायला लागतात. आणि "निळी पिशवी विसरलेल्या बाई" एवढंच म्हटलं की सगळं स्टँड आपापली पिशवी चाचपतं. "लोकांना हाक लागते, सूचना नाही लागत," असं त्यांचं म्हणणं. पुढे लग्न झालं. नवरा छापखान्यात कामाला, स्वभावानं गरीब, तब्येतीनं त्याहून. त्याचे पाय गेले तेव्हा बाईंनी एका संस्थेतून चाकाची खुर्ची वापरायला आणली.

ही संस्था म्हणजे एका गॅरेजमागच्या दोन खोल्या. आजारी माणसाला लागणाऱ्या वस्तू द्यायच्या आणि काम झालं की परत घ्यायच्या. चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, हँडल फिरवलं की डोक्याकडून वर होणाऱ्या खाटा. भिंतीला मिटलेल्या खुर्च्या ओळीनं टेकवलेल्या, मध्ये एक मिस्त्री फतकल मारून चाकांना तेल घालत बसलेला, आणि रेक्झिनचा असा वास की आपल्यालाही थोडं आजारी वाटावं. अध्यक्ष एक निवृत्त हाडांचे डॉक्टर. हाडांचे डॉक्टर, पण हाडाचे अध्यक्ष. माणूस सोन्यासारखा. कुणाला नाही म्हणणं त्यांना जमत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण या बाईंना सगळ्यात जास्त त्रास याच गुणाचा झाला.

नवरा वारला. बाई खुर्ची परत द्यायला गेल्या. डॉक्टरांनी खुर्चीचं चाक फिरवून बघितलं आणि विचारलं, "ताई, तुम्हाला टायपिंग येतं?" येत होतं. तर खुर्ची परत द्यायला गेलेल्या बाई तिथेच दुसऱ्या खुर्चीत बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

तोवर देणगीदारांना मेल डॉक्टर स्वतः लिहायचे. विषय असायचा, 'मासिक कार्याचा संक्षिप्त आढावा'. त्यातला 'संक्षिप्त' हा एकच शब्द खोटा. 'आपल्या उदार आश्रयामुळे' इथून सुरू व्हायचं आणि शेवटी संस्थेच्या घटनेतलं एखादं कलम. वर सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसायचे. एकदा एका गृहस्थानं आपल्या गुडघ्याबद्दल डॉक्टरांना खासगीत विचारलं, त्याचं उत्तर चुकून सगळ्या यादीला गेलं, आणि पुढे आठवडाभर सगळी यादी गुडघ्यांवर बोलत होती. देणगी कुणी दिली नाही, पण तेलाची नावं खूप मिळाली.

मेलताईंनी आधी यादीतली गेलेली माणसं काढली. एक बाई दर महिन्याला आपल्या नवऱ्याला आलेलं 'आपण कसे आहात?' वाचत होत्या. त्यांना फोन करून माफी मागितली. मग लिहिणंच बदललं. एका पत्रात एकच माणूस, एकच गोष्ट, खाली एकच बटण. तीन पत्रं नुसती सांगायची, चौथं मागायचं. पैसे आले की आभार त्याच दिवशी, आणि आभारात पुन्हा मागायचं नाही. ज्यांच्या घरी संस्थेची खाट राहून गेली त्यांना वेगळं पत्र. "ज्याच्या घरात खाट होती त्याला खाट म्हणजे काय ते सांगू नये हो," त्या म्हणायच्या. आणि विषय कसा, तर 'तुमची खुर्ची आज तिसऱ्या मजल्यावर आहे'. आता असं आल्यावर कोण उघडणार नाही? मी तर कधी खुर्ची दिलेली नव्हती, तरी उघडलं.

विषयांची परीक्षा त्या आमच्या इमारतीवर घ्यायच्या. जिन्याच्या डाव्या दारांना एक विषय, उजव्या दारांना दुसरा. ज्याला जास्त लोक उघडतील तो मग मोठ्या यादीला. त्यांचं दार डावं, आमचं उजवं. एकदा मी तक्रार केली.

"ताई, डावीकडे 'आजी पायऱ्या उतरल्या' आणि आमच्याकडे 'खाटेची वाट बघणारे आजोबा'. आमच्याच वाट्याला रडकं का?"

"तुम्ही रडकंच उघडता, भाऊजी. मला दिसतं."

कोण उघडतं, कधी उघडतं, किती वेळा उघडतं, सगळं त्यांना दिसायचं. त्या दिवसापासून मी त्यांच्या मेल जरा सांभाळून उघडू लागलो.

संस्था बघता बघता वाढली. खोल्या दोनच राहिल्या, पण खुर्च्या बाहेरच्या ओट्यापर्यंत आल्या. आणि इथून बाई अडकत गेल्या. लोकांना त्यांची पत्रं आवडायची म्हणून लोक उत्तरं पाठवायचे. आणि उत्तरात काय? 'पाय सुजतो.' 'मुलगा फोन करत नाही.' 'तुम्ही जेवलात का?' बाई प्रत्येकाला उत्तर द्यायच्या, कारण मागणाऱ्यानं उत्तर देऊ नये हे त्यांना पटायचं नाही. जेवताना फोन, जिन्यात फोन, गच्चीवर कपडे वाळत घालताना दातात चिमटा आणि हातात फोन. त्यांना हाक मारली की आधी मान वर यायची आणि मग थोड्या वेळानं बाई यायच्या.

एक दिवस त्या आमच्या हिच्याकडे विरजणाला दही मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. "वहिनी, मला काही मागायचं म्हटलं की आता लाज वाटते. तोंडातून 'आपल्या छोट्याशा मदतीनं' असं निघेल असं भय वाटतं." आम्ही दोघं खूप हसलो. त्याही हसल्या. मग खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "परवा मावशीचा फोन आला. न्हाणीघरात पडली म्हणून. आणि माझ्या मनात आधी काय आलं माहितीये? विषय आला. 'मावशी पडली, पण उठली.' तिला लागलंय का, हे मी नंतर विचारलं."

यावर मला काही विनोद सुचला नाही. हे माझ्या बाबतीत क्वचित घडतं.

त्यांची धाकटी बहीण दूरच्या एका गावी रोपवाटिका चालवते. तिला बियांच्या शेडवर भरवशाचं माणूस हवं होतं. मेलताईंना तेच हवं होतं. "बी पेरायचं आणि गप्प बसायचं," त्या म्हणायच्या. "बीला विषय द्यावा लागत नाही. उघडायचं तर उघडतं." हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की मला वाटायचं, आत्ताच्या आत्ता बाईंना गाडीत बसवून द्यावं.

पण डॉक्टर. त्यांना सांगितलं की म्हणायचे, "जरूर, जरूर. तुमचा हक्क आहे ताई. फक्त या खाटांची खरेदी होऊ द्या." खरेदी झाली की, "जरूर. फक्त वार्षिक सभा." सभा झाली की मिस्त्रीचा हात दुखावलेला. "नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं," मेलताई मला म्हणाल्या. "हे हो म्हणतात आणि मी तिथेच असते." शेवटी बहिणीनं फोनवर सांगून टाकलं, "अक्का, हा महिना संपेपर्यंत वाट बघते. मग दुसरी बाई ठेवते. रोपं काही तुझ्या सभेसाठी थांबत नाहीत."

मग बाईंनी ठरवलं की डॉक्टरांना सांगून उपयोग नाही, लोकांनाच सांगून टाकायचं. एकदा सगळ्या यादीला कळलं की परतीचा रस्ता बंद. पत्र लिहिलं साधं, नेहमीसारखं. इतकी वर्षं तुमच्याशी बोलले, आता बहिणीकडे रोपांचं काम करायला निघालेय, संस्थेवरचं प्रेम असंच असू द्या. आणि मग सवय नडली. हात आपोआप गेला आणि बाईंनी यादीचे दोन भाग करून विषय दोन दिले.

आता आपल्यात घरातून निघणारी बाई 'जाते' म्हणत नाही. लहानपणीच टपली खाऊन शिकलेली असते, जाते नाही म्हणायचं, येते म्हणायचं. ताईंनी विचार केला की अर्ध्या लोकांना सरळ सांगावं, अर्ध्यांना रीतीनं. एका भागाला विषय गेला, 'मी जाते'. दुसऱ्याला, 'येते हं मी'. आणि ज्या बाई उभ्या जगाला सांगत आल्या की लोक विषय वाचतात आणि पहिली ओळ वाचतात, पुढचं देवाच्या हवाली, त्यांनी पहिली ओळ लिहिली होती, 'इतकी वर्षं तुम्ही मला सांभाळलंत.'

झालं. 'जाते'वाल्या अर्ध्या यादीत रडारड. कुठल्या दवाखान्यात आहात? धीर सोडू नका. माझ्या साडूलाही असंच सांगितलं होतं, तो अजून आहे, उलट जास्तच आहे. एकानं रक्तगट विचारला. औषधवाला याच अर्ध्यात होता. आणि 'येते'वाल्या अर्ध्यात सगळे पाहुण्यांच्या तयारीला. कधी येताय? रविवारी नको, रविवारी आम्हीच बाहेर आहोत. पायऱ्या फार आहेत, जपून या. एका बाईंनी विचारलं, बरोबर किती माणसं? आमचे अभ्रे याच अर्ध्यातले. अख्ख्या यादीत एकाच माणसानं पत्र शेवटपर्यंत वाचलं होतं. त्यानं शुद्धलेखनाच्या दोन चुका कळवल्या.

"नव्या कामासाठी शुभेच्छा असं कुणीच लिहिलं नाही का?" मी विचारलं. त्या दिवशी बेल दाबली तेव्हाचीच ही गोष्ट. मी दारात उभा, त्या उंबरठ्याच्या आत.

"लिहिलं असतं. पण आधी मी मेलेय की जेवायला येतेय, हे ठरायला हवं ना."

आणि गंमत अशी की मदत धो धो आली. जाणाऱ्या बाईसाठी आणि येणाऱ्या बाईसाठी, दोन्हीकडून. इतक्या लोकांनी कधीच एखादं पत्र उघडलं नव्हतं. डॉक्टर लगबगीनं त्यांच्या टेबलाशी आले, चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद. म्हणाले, "ताई, असं दर तिमाहीला जायला काय हरकत आहे?"

बाईंना आधी वाटलं चेष्टा आहे. चेष्टा नव्हती.

दोन दिवस त्या एकेकाला खुलासा लिहीत होत्या. 'मी जिवंत आहे', 'मी येत नाही', अशी दोन ठरावीक उत्तरं करून ठेवली होती आणि कोणतं कुणाला ते चुकू नये म्हणून ओठ हलवत काम चाललं होतं. मी चहाच्या निमित्तानं बघायला गेलो होतो. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांना मेल आली होती. पाठवणाऱ्याच्या जागी त्यांचंच नाव.

विषय, 'मी थांबले'.

त्यांनी ती मला वाचून दाखवली, आवाज अगदी सपाट, स्टँडवर गाडी रद्द झाल्यावर लावतात तसा. 'तुमचं प्रेम पाहिलं आणि माझा पाय निघेना. खाली एक आजी वॉकरची वाट बघत बसल्यात. त्यांना सोडून कशी जाऊ?' खाली एकच बटण. त्याखाली, 'तुमची ताई'.

"पाय कुणी लिहिला असेल ते कळतंय," मी म्हटलं. "हाडांचे डॉक्टर."

त्या हसल्या नाहीत. "मला माझ्याच पत्रातून कळलं की मी थांबले," त्या म्हणाल्या. "आणि पत्र चांगलंय, भाऊजी. हेच वाईट. एक माणूस, एक गोष्ट, एक बटण. मीच शिकवलंय ना."

मग उत्तरांचा दुसरा लोंढा. बरं वाटलं. देव पावला. आम्ही म्हणतच होतो. कुणी थांबल्याबद्दल खास देणगी पाठवली. संध्याकाळी बाई आमच्याकडे येऊन बसल्या, नव्या अभ्र्यांवर, म्हणजे आमच्या हिची तयारी वाया गेली नाही. ही त्यांना सरळ म्हणाली, "ताई, तुम्ही उठा आणि जा. पत्रानं पाय बांधतात का कुणाचे?"

"वहिनी, एका आजोबांनी लिहिलंय, तुम्ही थांबलात म्हणून मीही औषध सोडायचं रद्द केलं." त्यांनी फोन उलटा करून ठेवला. "आता मी यांना काय कळवू? आणि परवा एक मुलगा आईला पाठीवर घेऊन आला होता खुर्ची न्यायला. तिसऱ्या मजल्यावरून. त्याला देण्यासारखी एकच खुर्ची उरली होती. पत्र गेलं नाही तर पुढच्याला काय देणार? मी गेले तर खुर्च्या अडतात. राहिले तर मी अडते. सांगा."

मी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. मला तेवढंच सुचलं.

महिना संपत आला. बहिणीचा फोन रोज यायचा आणि समोरच्या दारापलीकडून मला एकाच बाजूचं ऐकू यायचं. "हो गं. हो. नाही, अजून नाही. अगं हो." अशा वेळी दार जाड असावं असं मला पहिल्यांदाच वाटलं.

नेमकी त्याच वेळी माझ्या सासूबाईंनी स्टुलावर चढून घोटा मोडून घेतला. वॉकर हवा, म्हणून महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी संस्थेत गेलो. मुद्दाम तोच दिवस गाठला असं आमची ही म्हणते. घोटा काय मी मोडला होता?

तिथे मिस्त्री एका खुर्चीचं चाक फिरवून कान लावून ऐकत होता. मेलताईंच्या टेबलावर त्यांची पिशवी भरून ठेवलेली, चष्म्याची डबी तिच्यात, पाण्याची बाटली तिच्यात. टेबल असं मोकळं की ओळखू येईना. डॉक्टर त्यांच्या मागे उभे राहून स्क्रीनवर वाकून वाचत होते.

"हा काय विषय झाला, ताई?" डॉक्टर म्हणाले. "'नोकरी सोडतेय, तब्येत ठणठणीत.' कुणी उघडणार नाही हे."

"नको उघडू देत. विषयातच सगळं आहे."

"अहो पण परवाच आपण थांबलो."

"आपण नाही. तुम्ही थांबलात. माझ्या नावानं."

डॉक्टर जरा ओशाळले. खरंच ओशाळले, माणूस खोटा नाही. मिस्त्रीनं चाक थांबवलं. मला वॉकर द्यायचं सगळ्यांच्याच डोक्यातून गेलं होतं, आणि आठवण करून देणं मला बरं दिसेना.

"बरं," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही जा. मी कधी अडवलंय? उद्याच जा. बहिणीकडे खुशाल रोपं लावा. हे पत्र मात्र पाठवू नका. सही राहू द्या. पत्रं आम्ही लिहू, तुमच्या पद्धतीनं. उत्तरंही आम्ही देऊ. तुम्हाला बोटही हलवायला नको. लोकांना काय कळतंय, ताई टेबलाशी आहेत की रोपांत आहेत?"

इतक्या मऊ आवाजात इतकं पक्कं दार बंद होताना मी पाहिलं नव्हतं. म्हणजे बाई बियांच्या शेडमध्ये माती चाळणार, आणि इथे रोज सकाळी त्यांच्या नावानं कुणीतरी कुणाकडे तरी मागत राहणार. त्या तिथेही आणि इथेही. सुटका म्हणून जे देऊ करत होते, ते सगळ्यात घट्ट होतं.

मेलताईंनी पिशवी टेबलावरून खाली ठेवली. मला वाटलं, बसल्या बाई परत.

"डॉक्टर, ते आजोबा विचारतील, ताई जेवलात का. काय लिहाल?"

"लिहू की. जेवले."

"ते विचारतील, काय जेवलात."

मिस्त्री हळूच म्हणाला, "वांगी लिहा," आणि डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिल्यावर चाकाकडे बघू लागला.

"खोटं वांगं सुद्धा मला नको," मेलताई म्हणाल्या. "हसू नका भाऊजी, तुम्हाला सांगितलंय मी, मला सगळं दिसतं." मी हसत नव्हतो. निदान आवाज करून नव्हतो. "आजोबांना मी आज सकाळी फोन केला. खरं काय ते सांगितलं. आधी चिडले, मग म्हणाले रोपवाटिकेत मोगरा असतो का. औषध घेतायत. बाकीच्यांना हे पत्र."

आणि त्यांनी ते पाठवलं. सगळ्या यादीला, एकाच विषयानं. आयुष्यात पहिल्यांदा बाईंनी कशाचेच दोन भाग केले नाहीत, ना इमारतीचे ना यादीचे. माझा खिशातला फोन लगेच वाजला, म्हणजे डाव्याला आणि उजव्याला एकदमच कळलं.

मग त्यांनी पुढच्या पत्रांसाठी ठेवलेला कोरा साचा उघडला. वर संस्थेचं नाव, मध्ये मोकळी जागा, खाली बटण, बटणाखाली 'तुमची ताई'. त्या शेवटच्या दोन शब्दांवर बोट ठेवून एकेक अक्षर मागून पुढे खोडलं. घाई केली नाही. पिशवी उचलली, चपला घातल्या, जाता जाता कोपऱ्यातला एक वॉकर उघडून, हलवून, रबर तपासून माझ्या हातात दिला. "सासूबाईंना सांगा, पाय आधी नाही टाकायचा. वॉकर आधी."

डॉक्टर अजून स्क्रीनकडेच बघत होते. "अहो पण मग खाली लिहायचं काय?" ते म्हणाले, आणि आवाजात पहिल्यांदाच थोडा राग होता. "आणि खरं सांगू का? 'ताई' हे काही तुमच्या एकटीचं नाव नाही. लाख ताया आहेत जगात. कुणीही ताई म्हणून सही करू शकतं."

मेलताई दारात वळल्या.

"मग तुम्ही 'दादा' म्हणून करा. बघू किती जण उघडतात."